सदरा कुठला घालायचा ते त्यांना विचारा: सीएनए परीक्षेबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की अमेरिकेत सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट म्हणजे सीएनएचं, म्हणजे आजारी-म्हाताऱ्या माणसांची अंघोळ, जेवण, कूस बदलणं बघणाऱ्या मदतनिसाचं काम आपल्यापैकी बऱ्याच जणी करू शकतात, आणि परीक्षेबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर लिहा. त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. मी मूळची मिरजेची, तिथं स्टाफ नर्स होते, इथं आल्यावर आधी सीएनए झाले, मग आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्सची परीक्षा दिली आणि आता सीएनएच्या बॅचेसना शिकवते. जे माहितीये ते सांगते.

प्रश्न: ताई, मी फिलाडेल्फियाजवळ राहते, वय ४१, बीकॉम झालंय पण बारा वर्षं घरीच आहे. एच-फोरवर म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आहे आणि आता ईएडी म्हणजे काम करायची परवानगी आलीय. सीएनएची परीक्षा नक्की असते कशी? आणि खरं सांगू का, घरातले म्हणतात हे आयाबाईचं काम आहे, तू कशाला करतेस.

उत्तर: आधी परीक्षेचं सांगते. १९८७ साली इथं एक केंद्रीय कायदा झाला, त्याला ओब्रा म्हणतात. त्याआधी नर्सिंग होममध्ये, इथं म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना ठेवून सांभाळतात त्या ठिकाणी, त्यांचे फार हाल व्हायचे, बांधून ठेवणं, तासन् तास ओल्यात पडू देणं, असं सगळं. त्या कायद्यामुळे ठरलं की नर्सिंग होममध्ये ही कामं करणाऱ्या माणसाला कमीत कमी ७५ तासांचं ट्रेनिंग पाहिजे, परीक्षा पाहिजे आणि राज्याच्या रजिस्ट्रीत नाव पाहिजे. ७५ हा किमान आकडा, प्रत्येक राज्य आपापला वाढवतं. तुमच्या पेनसिल्व्हेनियात ८० तास, टेक्सासमध्ये १००, कॅलिफोर्नियात तर १६०. म्हणजे डॅलसच्या मैत्रिणीनं सांगितलेलं जसंच्या तसं धरून चालू नका, तुमच्या राज्याच्या साइटवरची कॅन्डिडेट हँडबुक उतरवून घ्या आणि तीच वाचा.

परीक्षेचे दोन भाग. एक लेखी, एक स्किल्सची म्हणजे प्रात्यक्षिक. बऱ्याच राज्यांत एनएनएएपी नावाची परीक्षा असते, त्यात लेखीला ७० प्रश्न आणि दोन तास, चार पर्यायांतून एक निवडायचा. त्या सत्तरातले १० प्रश्न नुसते चाचणीसाठी घातलेले असतात, त्यांचे मार्क धरत नाहीत, पण ते कुठले हे कळत नाही त्यामुळे सगळे नीटच सोडवायचे. प्रात्यक्षिकात पाच स्किल्स करून दाखवायची आणि पाचही पास व्हावी लागतात. एक भाग गेला तर तेवढाच परत देता येतो, आणि केंद्र सरकारच्या नियमानं किमान तीन संधी मिळतात. तेव्हा पहिल्याच वेळी सगळं गेलं तर काय, हे ओझं डोक्यावर घेऊन बसू नका.

आता घरातल्यांचं. आपल्याकडे हॉस्पिटलात मावशी असतात ना, त्यांना आपण कधी नावानं हाक मारली नाही, त्यातून हे आलंय. इथं बेडवरच्या माणसाला दिवसभरात सगळ्यात जास्त वेळ कोण भेटतं? सीएनए. पाठीवर लालसर डाग पडलाय, आज जेवण अर्धंच गेलं, काल बोलत होते आज बोलत नाहीत, हे आधी तिच्या लक्षात येतं, मग नर्सच्या, मग डॉक्टरच्या. हे घरात सांगून बघा. नाही पटलं तरी फॉर्म भरा.

प्रश्न: मी नॉर्थ कॅरोलिनात असते. क्लास झालाय, स्किल्सचं टेन्शन आहे. वीस-पंचवीस स्किल्स आहेत, त्यातली कुठली पाच येणार माहीत नाही. पाठ कशी करू?

उत्तर: पाठ करू नका, हात बसवा. हात धुणं पाचात असतंच असतं, आणि एक कसलं तरी मोजमाप असतं, नाडी, श्वास, बीपी, वजन नाहीतर लघवीचं माप. म्हणजे दोन स्किल्सचा अंदाज आधीच आला, बाकी तीन त्या दिवशी कळतात.

हात धुण्यात लोक नापास होतात यावर कुणाचा विश्वास बसत नाही, पण माझ्या बॅचमधल्या हुशार मुली तिथंच गेल्यात. आपण लहानपणापासून हात धुतोय म्हणूनच तर चुकतं. साबणाचा फेस करून निदान वीस सेकंद चोळायचं, मनगटासकट, बोटं खाली, हात कोपरापेक्षा खाली, बोटांची टोकं दुसऱ्या तळव्यावर घासून नखं साफ करायची, बोटं खालीच ठेवून धुवायचं, कागदी टॉवेलनं बोटांच्या टोकांपासून पुसायचं, आणि नळ बंद करायचा तो कोरड्या टॉवेलनं, उघड्या हातानं नाही. पूर्ण वेळ सिंकला आतून हात लागता कामा नये. आपण काय करतो, हात धुतले की झटकतो आणि ओल्या हातानंच नळ बंद करतो! घरी प्रत्येक वेळी परीक्षेसारखेच धुवा, आठ दिवसांत सवय होते. पहिल्यांदा खरे धुतले की पुढच्या स्किल्सना परीक्षकांना तोंडी सांगायचं की आत्ता मी हात धुईन. ते सांगायलाही लोक विसरतात.

मोजमापात थोडी सूट असते. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची, परीक्षकांच्या आकड्याच्या चार ठोके इकडे तिकडे चालतं. श्वास दोननं, लघवीचं माप २५ मिलिनं, वरचं-खालचं बीपी आठनं. नवऱ्याची, मुलांची, शेजारणीची, जो सापडेल त्याची नाडी मोजा. श्वास मोजतेय असं बोलून दाखवलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून नाडीवर बोटं तशीच ठेवायची आणि छातीकडे बघून मोजायचं. लघवीचं भांडं सपाट जागेवर ठेवून, डोळे त्या रेषेच्या पातळीत आणून वाचायचं, उभ्यानं वरून बघितलं की आकडा हमखास चुकतो.

आणि बाकी सगळ्या स्किल्सना सुरुवात-शेवट जवळजवळ सारखाच असतो. दारावर टकटक, आपलं नाव सांगणं, काय करणार ते त्यांच्या तोंडाकडे बघून सावकाश सांगणं, पडदा ओढणं. शेवटी कॉल लाइट म्हणजे मदतीला बोलवायचं बटण त्यांच्या हाताशी, पलंग खाली, पडदा उघडा, हात धुणं. हे एकदा अंगवळणी पडलं की पंचवीस स्किल्सची भीती अर्धी होते, कारण नवीन फक्त मधला भाग उरतो. व्हीलचेअरवर घेताना आधी ब्रेक. बोलत बोलत करा, अगदी घरात एकट्या असलात तरी उशीला आजोबा समजून मोठ्यानं बोला.

मधेच चूक लक्षात आली तर गप्प बसू नका. सांगा की ही पायरी चुकली, मी दुरुस्त करते, आणि ती पायरी खरंच परत करून दाखवा, नुसतं सांगून मार्क मिळत नाहीत. पण ब्रेक न लावताच माणसाला उठवलं तर मग मागाहून लावून उपयोग नाही, जी गोष्ट आधीच व्हायला पाहिजे होती ती नंतर करून भरून निघत नाही.

प्रश्न: ताई मला फार वाईट वाटलंय म्हणून लिहितेय. मी माझ्या सासूबाईंची सात वर्षं सेवा केली, त्यांना लकवा झाला होता, अंघोळ, जेवण, कूस बदलणं सगळं मीच. शेवटपर्यंत एक बेडसोर म्हणजे पडून पडून होणारी जखम होऊ दिली नाही. आणि इथं प्रात्यक्षिकात कपडे घालणं आणि भरवणं या दोन्हीत मला नापास केलं. सात वर्षं केलेलं काम चुकीचं होतं का?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सात वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एक बेडसोर नाही, हे किती अवघड आहे ते मला माहितीये. तुमचं काम चुकीचं नव्हतं. पण परीक्षा जे बघते ते आपल्या घरातल्या सेवेत बहुतेक वेळा नसतं, आणि हे आपल्या बायकांच्या बाबतीत मी इतक्यांदा बघितलंय की या अंकात मला खरं तर हेच सांगायचं होतं.

आपल्याकडे सेवा म्हणजे काय? समोरच्याला काही म्हणजे काही करू द्यायचं नाही. त्यांनी हात उचलायच्या आत आपण बाही चढवायची, त्यांनी मागायच्या आत घास तोंडाशी. जितकं जास्त आपण करू तितकी सून चांगली. इथं उलटं आहे. त्या माणसाला जेवढं स्वतःला जमतंय तेवढं त्यानं करायचं आणि जिथं अडेल तिथं आपण हात द्यायचा. त्यांच्या ज्या हातात अजून ताकद आहे तो हात आपण वापरूच दिला नाही तर महिन्याभरात तोही जातो.

कपड्यांचं स्किल आठवून बघा. उजवा हात लुळा असलेल्या माणसाला सदरा घालायचा. पहिलं काम कुठलं? कुठला सदरा घालायचा ते त्यांना विचारणं. तुम्ही बहुतेक समोर असलेला उचलला असणार, कारण सासूबाईंचं गाउन-लुगडं तुम्हीच ठरवत होतात. मग आधीचा गाउन काढताना चांगल्या हातातून आधी काढायचा, आणि नवा घालताना लुळ्या हातात आधी घालायचा. काढताना चांगली बाजू आधी, घालताना अधू बाजू आधी, एवढं जिभेवर बसवा. हात ओढायचा नाही, खांद्याला ताण येऊ द्यायचा नाही.

भरवण्यात तर आपण सगळ्याच जाणार. परीक्षेत आधी नाव विचारायचं, ट्रेवरच्या कार्डशी जुळवायचं, कारण डायबेटिसवाल्याचं ताट दुसऱ्याकडे गेलं तर काय होईल. माणूस जवळजवळ ताठ बसलेला पाहिजे, ७५ ते ९० अंश, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. त्यांचे हात पुसून द्यायचे. ताटात काय काय आहे ते सांगायचं, आणि विचारायचं की आधी काय खाणार. आपण बसून भरवायचं, उभ्यानं नाही. प्रत्येक घासाआधी बघायचं की मागचा गिळलाय, पुढच्यासाठी तयार आहेत, आणि मधे पाणी किंवा ज्यूस विचारायचं.

माझंच सांगते. इथल्या कामाच्या पहिल्या आठवड्यात एका आजींना भरवत होते, मिरजेत वॉर्डात एकामागून एक पेशंट उरकायची सवय, तशीच उभी राहून चमचा, चमचा, चमचा. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं पोट भरलं. सोबतची जुनी सीएनए काहीच बोलली नाही, खुर्ची ओढून बसली, त्यांना विचारलं पीच आधी घेता का, आणि त्या आजींनी स्वतःच्या हातानं चमचा धरला. थरथरत का होईना पण धरला. मी चार दिवस त्यांना भरवत होते आणि त्यांना चमचा धरता येतो हे मला माहीतच नव्हतं. तुम्हाला जसं आज वाटतंय तसंच मला तेव्हा वाटलं होतं.

तुमचे हात तयार आहेत, कूस बदलणं, उचलणं, पाठ बघणं यात तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. फक्त प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारायची सवय लावा. हा की तो? आधी काय? तयार आहात का? दुखतंय का? घरी चहा देतानासुद्धा विचारून बघा. परत फॉर्म भरा आणि मला कळवा.

प्रश्न: माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. बोलायला जमतं, पण लेखीच्या इंग्रजीची भीती वाटते. शिवाय औंस, पाउंड, फॅरनहाइट काही कळत नाही.

उत्तर: वाचायला जड जात असेल तर तोंडी परीक्षेचा पर्याय असतो, प्रश्न हेडफोनवर ऐकून उत्तर निवडायचं. पण तो अर्ज भरतानाच मागायचा, आयत्या वेळी मिळत नाही. आणि त्यातही थोडे शब्द वाचून ओळखायचे प्रश्न असतात, म्हणून वाचन सोडायचं नाही. इंग्रजी निबंध लिहायचा नाहीये हो, शे-दीडशे शब्द पक्के झाले की प्रश्न कळायला लागतो. बेडपॅन म्हणजे अंथरुणातच शौचासाठी देतात ते भांडं, गेट बेल्ट म्हणजे उठवताना कमरेला बांधतात तो पट्टा, एडिमा म्हणजे सूज, डेंचर म्हणजे कवळी, सुपाइन म्हणजे उताणं, अ‍ॅम्ब्युलेट म्हणजे चालणं, व्हॉइड म्हणजे लघवी करणं, एनपीओ म्हणजे तोंडानं काहीही द्यायचं नाही. वहीत एका बाजूला हा शब्द, दुसऱ्या बाजूला आपला मराठी शब्द, आणि रोज दहा. मी तसंच केलं होतं.

औंसचं एकच लक्षात ठेवा, एक औंस म्हणजे ३० मिलि. समजा आजोबांनी ६ औंस कॉफी प्यायली, ४ औंस ज्यूस, आणि ८ औंस सूपमधलं अर्धंच घेतलं. ६ अधिक ४ अधिक ४, झाले १४ औंस, गुणिले ३०, म्हणजे ४२० मिलि. आइस्क्रीम आणि जेलीसुद्धा पातळ पदार्थांत धरतात, कारण त्यांचं पाणी होतं, तिथं फसवतात. तापमान ९८.६ नॉर्मल. मोठ्या माणसाची नाडी ६० ते १००, श्वास १२ ते २०. वेळ चोवीस तासांच्या घड्याळात लिहितात, दुपारचे अडीच म्हणजे १४३०, आपल्याकडे रेल्वेच्या टाइमटेबलात असतं तसं.

उत्तर निवडताना एक बघा, सीएनएनं काय करायचं नाही. औषध द्यायचं नाही, डोस सांगायचा नाही, निदान करायचं नाही, रिपोर्ट काय आला ते नातेवाइकांना सांगायचं नाही, अगदी मुलगी विचारत असली तरी. काही बदल दिसला तर नर्सला लगेच सांगायचं. पण म्हणून प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून "नर्सला सांगा" निवडू नका. आग लागली तर पहिलं काम माणसाला तिथून बाहेर काढणं. घास अडकून बोलताही येत नसेल, खोकताही येत नसेल तर तिथल्या तिथं पाठीवर थापा मारणं, मग पोटावर दाब देणं. आणि कुणी मारतंय, ओरडतंय, दुर्लक्ष करतंय असं दिसलं तर ते कळवायचंच, करणारा आपला सहकारी असला तरी.

एखाद्यानं अंघोळीला नाही म्हटलं तर? आपल्या मनात पटकन येतं, समजावून घालायचीच. परीक्षेत ते चूक. नकार देणं हा त्यांचा हक्क आहे. का नको ते विचारायचं, नंतर परत विचारायचं आणि नर्सला सांगायचं.

प्रश्न: क्लासची फी आणि परीक्षेची फी परवडत नाही. काही मार्ग आहे का?

उत्तर: आहे, आणि हा लोकांना माहीत नसतो. मेडिकेअर-मेडिकेड म्हणजे सरकारी आरोग्य विमा घेणाऱ्या नर्सिंग होमनं तुम्हाला आधी नोकरी दिली किंवा नोकरीचं पत्र दिलं आणि मग तुम्ही ट्रेनिंग सुरू केलंत, तर ट्रेनिंगचे, पुस्तकांचे, परीक्षेचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. स्वतःच्या पैशानं केलंत आणि संपल्यापासून १२ महिन्यांत अशा ठिकाणी नोकरी लागली, तरी तुम्ही काम कराल त्या प्रमाणात राज्याकडून पैसे परत मिळायची तरतूद आहे. म्हणून पावत्या जपून ठेवा, एकही फेकू नका. आणि सर्टिफिकेट मिळाल्यावर सलग २४ महिने पगारी काम केलंच नाही तर परीक्षा, कधी ट्रेनिंगसुद्धा, परत करावं लागतं, बाळंतपणानं वगैरे सुट्टी घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

प्रश्न: मी नाशिकला आहे, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालाय, तीन वर्षं आयसीयूचा अनुभव. मामेबहीण अमेरिकेत आहे, ती म्हणते सीएनए करून ये. करू का?

उत्तर: नको. सीएनएचं सर्टिफिकेट म्हणजे व्हिसा नाही, काम करायची परवानगी नाही. तुम्ही रजिस्टर्ड नर्स आहात, तुमचा रस्ता एनसीएलईएक्स-आरएन म्हणजे इथल्या नर्सच्या लायसन्सची परीक्षा, त्याआधी सीजीएफएनएस (आता नाव ट्रूमेरिट) सारख्या संस्थेकडून कागदपत्रांची तपासणी आणि इंग्रजीची परीक्षा. एनसीएलईएक्स भारतातही देता येते. वेळ लागतो, पण तीन वर्षांचा आयसीयू अनुभव वाया घालवू नका. ज्यांचं नर्सिंग झालेलं नाही आणि भारतातच राहून रुग्णसेवेत यायचंय त्यांच्यासाठी जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स आहे, त्यावर पुढच्या अंकात सविस्तर लिहिते.

प्रश्न: येत्या शनिवारी परीक्षा आहे. आदल्या दिवशी काय करू?

उत्तर: आयडी बाहेर काढा आणि त्यावरचं नाव अर्जातल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवून बघा. आपल्या बायकांचं इथं हमखास अडतं, पासपोर्टवर माहेरचं नाव, लायसन्सवर सासरचं, मधे कधी वडलांचं कधी नवऱ्याचं, आणि अर्ज भरला कुणी तर नवऱ्यानं घाईघाईत. नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फीही जाते. फरक दिसला तर आजच फोन करा, शनिवारी सकाळी नाही. सेकंद काटा असलेलं घड्याळ घ्या, फोन चालत नाही. बूट सपाट, न घसरणारे. नखं कापा. बांगड्या काढून ठेवा, मंगळसूत्र लांब असेल तर आत घाला, माणसाला उचलताना अडकतं. रात्री एकदा घरातल्या कुणाला तरी खुर्चीत बसवून सदरा घाला, आणि कुठला घालायचा ते त्याला विचारायला विसरू नका.